चौथ्या मॅचचा हेडमास्तर

९ नोव्हेंबर

धाकट्या,

आशीर्वाद नंतर देते, आधी ऐक. पेपरात तुझा फोटो आला! पान पाच, अगदी खाली, टायरच्या जाहिरातीला खेटून, पण आला. तू रिंगच्या मध्ये उभा आहेस, हातात तो ताटाएवढा चॅम्पियनचा पट्टा, आणि चेहरा असा की कुणीतरी तुझी सायकल पळवली आहे. अरे मेल्या, जिंकलास ना, मग हस की! ह्यांनी पेपर आधी वाचला आणि नेहमीसारखं एक अक्षर न बोलता माझ्या शिलाई मशीनवर आणून ठेवला. मी सुई तशीच कापडात सोडून उठले.

किती वर्षं तू त्या कुस्तीच्या कंपनीच्या रिंगमध्ये स्वतःला आपटून घेतोयस? आईला तू सांगितलं होतंस की फिरतीची नोकरी आहे, आणि ती बिचारी शेवटपर्यंत समजत होती की तू औषधं विकतोस. मला मात्र सगळं ठाऊक. तुमच्यात कोण जिंकणार हे मालक आधी ठरवतो आणि तुम्ही तसं करून दाखवता, हे तूच मला सांगितलंस. मी म्हटलं ठीक आहे, नाटकातही कुणीतरी मरतोच. पण दरवेळी तूच का मरायचं? काळा कोट घालून, छडी घेऊन, "हेडमास्तर" म्हणून यायचं, लोकांवर खेकसायचं, त्यांच्या शिव्या खायच्या आणि शेवटी कुठल्यातरी कोवळ्या पोराकडून हरायचं. तेही शेवटच्या मोठ्या मॅचमध्ये नाही. चौथ्या मॅचमध्ये, मध्यंतरानंतर, जेव्हा अर्धा हॉल अजून बाहेर चहा पीत असतो. तुझे कोट मीच शिवते. उसवून परत येतात तेव्हा ते दुरुस्त करताना मी मालकाला मनातल्या मनात काय काय बोलते ते इथे लिहीत नाही.

तर अखेर त्याला अक्कल आली. मी गल्लीभर सांगितलं. समोरच्या केशकर्तनालयात तुझा फोटो आरशाला लावलाय. आणि गंमत म्हणजे पेपरचा बातमीदार स्वतः माझ्या दुकानात आला, पँटची उंची कमी करायला. भिंतीवरचा फोटो बघून म्हणाला, हे तुमचे कोण? मी म्हटलं, सख्खा धाकटा भाऊ. मग त्याने विचारलं आणि मी सांगितलं. रविवारी छापून येईल. वाच, तुझा ऊर भरून येईल.

नवीन कोट शिवायला घेतलाय. कॉलरला सोनेरी पट्टी लावतेय. चॅम्पियन माणसाने कळकट कोटात फिरायचं नाही.

तुझी ताई

१७ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. वाकून केला असं धर, कंबर सध्या वाकू देत नाही.

ऊर भरून आला. इतका की जेवण जाईना. तुझी मुलाखत कुणीतरी कापून इथल्या कपडे बदलायच्या खोलीत आरशावर चिकटवली आहे. "इतकी वर्षं माझ्या भावाला डावललं. देत नव्हते, म्हणून शेवटी त्याने स्वतःच घेतलं." ही तुझीच वाक्यं ना? दुसऱ्या वाक्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली आहे.

तुला बोल लावत नाही, तुला काही माहीतच नव्हतं. पण एकच सांगतो आणि मग हा विषय इथेच ठेव. मी जिंकायचं ठरलेलं नव्हतं.

आणि चौथ्या मॅचबद्दल तू दरवेळी असं लिहितेस की जणू मला जिन्याखाली झोपायला लावलंय. तुला एकदा नीट सांगतो. पहिल्या तीन मॅच नवीन मुलांच्या. ती जोरात धावतात, जोरात आपटतात आणि कशासाठी ते त्यांनाही कळत नाही. मग मध्यंतर. लोक परत येतात ते गप्पा मारत, पाय पुढच्या खुर्चीवर टाकून. अशा हॉलसमोर थेट मोठी मॅच लावली तर चॅम्पियन बिचारा उघडा पडतो. म्हणून मी येतो. पहिल्या रांगेतल्या कुणाला तरी छडी दाखवून म्हणतो, "पाय खाली! घरी असंच बसता?" लोक बोंबलायला लागतात. बोंबलायला लागले की आपोआप सरळ बसतात. मग मी समोरच्या मुलाला असा छळतो की त्याचं नाव माहीत नसलेली माणसंही त्याच्यासाठी ओरडायला लागतात. आणि शेवटी तो मला पाडतो तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की टाळी म्हणजे काय. तिथून पुढे तो मोठा होतो. मी चहा प्यायला जातो. मला यात कमीपणा कधी वाटला नाही, ताई. पडायला वर्षभरात शिकता येतं, दुसऱ्याला पाडायला शिकण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

सोनेरी पट्टीचा कोट पाठवू नकोस. भावोजींना नमस्कार. मी ठीक आहे.

धाकटा

२० नोव्हेंबर

धाकट्या,

"मी ठीक आहे" हे तू हात मोडला तेव्हाही लिहिलं होतंस, तेही डाव्या हाताने.

माझ्याच्याने राहवत नाही. तू जिंकायचं ठरलं नव्हतं, तरी जिंकलास. मी म्हटलं "त्याने स्वतःच घेतलं", आणि ते तुमच्या लोकांनी लाल रेघ मारून चिकटवलं. म्हणजे ते तुला चोर समजतात का? आणि मी, तुझी सख्खी बहीण, जाऊन साक्ष दिली की हो, आमच्या धाकट्याने पट्टा चोरला! अरे देवा. मला त्या पेपरवाल्याची पँट गुडघ्याएवढी करावीशी वाटते.

मी फोन करणार होते, पण फोनवर तू नुसतं हं-हं करतोस आणि तुझ्या खोलीचा मालक शेजारी उभा राहून ऐकतो. तेव्हा लिही. काय झालं, कसं झालं, सगळं लिही. लपवलंस तर बस पकडून येईन आणि तुझ्या मालकासमोर उभी राहीन. मला तू ओळखतोस.

ह्यांनीही विचारलंय. तोंडाने! यावरून समज.

ताई

२६ नोव्हेंबर

ताई,

तू मालकासमोर उभी राहिलीस तर मला कंपनीच काय, हा धंदाच सोडावा लागेल. म्हणून लिहितो. पण हे तुझ्यापाशी आणि भावोजींपाशी राहू दे. भावोजींची मला काळजी नाही.

आमच्यात एकच पाप आहे. उशिरा आलं तर चालतं, मालकाची नक्कल केली तर तोच हसतो. पण ठरलेलं मोडायचं नाही. मी एखाद्याला खांद्यावर उचलतो तेव्हा तो अंग सैल सोडून आपली मान माझ्या हवाली करतो. मी तिथे ठरल्यापेक्षा वेगळं काही केलं तर त्याला सावरायला जागाच नसते. म्हणून ज्याने एकदा ठरलेलं मोडलं त्याच्यासमोर पुन्हा कुणी उतरत नाही. मारत नाहीत, भांडत नाहीत. नुसते उतरत नाहीत.

त्या दिवशी शेवटच्या मॅचला ज्याने चॅम्पियनसमोर उतरायचं त्याला ताप आला. मालक म्हणाला, मास्तर, आजच्यापुरतं तुम्ही उतरा. चॅम्पियन म्हणजे आपला वादळ. रिंगमधलं नाव हेच, वय पंचविशीचं, आणि चौथ्या मॅचमध्ये माझ्याच हाताखालून वर गेलेला. ठरलं साधंच. शेवटी मी त्याला खांद्यावर उचलायचं, त्याने माझ्या पाठीवरून घसरून खाली उतरायचं, मला गुंडाळून पाडायचं, पंचाने तीन मोजायचे.

मी उचलला आणि वजन बदललं. शुद्धीतला माणूस उचलून घेताना नकळत आपल्याला मदत करत असतो. हा एकदम भिजलेल्या गादीसारखा जड झाला, डोकं लोंबायला लागलं. तसाच सुटला असता तर मानेवर पडला असता. मी त्याला धरून स्वतः खाली बसलो, मग आडवा झालो, त्याची मान माझ्या दंडावर घेतली. आमच्यात पडल्यावर समोरच्याचा हात हळूच दाबायची पद्धत आहे. त्याने उलटा दाबला की समजायचं, ठीक आहे. मी दाबला. काही नाही. परत दाबला. काही नाही.

मॅच संपवायचा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे ते तीन आकडे. मी त्याच्यावर आडवा झालो, मान हलू दिली नाही, आणि पंचाला म्हटलं, "मोज. खरं मोज." त्याने मोजलं. घंटा वाजेपर्यंत पोराने डोळे उघडले. म्हणाला, "मास्तर, काय झालं?" मी म्हटलं, "हरलास. चालता येतंय का?" तो उठला आणि मान खाली घालून निघून गेला. हॉलला वाटलं, हरल्याची लाज. माझ्या हातात पट्टा दिला, आणि तू म्हणतेस तो सायकल गेल्याचा चेहरा तेव्हाचा.

दुसऱ्या दिवशी तो पाठ दुखते सांगून घरी गेला. फोन उचलत नाही. पंच सगळ्यांना सांगतो की मास्तरनेच मोजायला सांगितलं, आणि तो खोटं बोलत नाही. आणि वर तुझी मुलाखत.

तू म्हणशील, मग खरं सांगून टाक. कसं सांगू? चॅम्पियनला रिंगमध्ये भोवळ आली हे मालकाला कळलं तर त्या पोराचं काय होईल मला माहीत नाही. ते त्याने सांगायचं, मी नाही. आणि मी सांगितलं तरी कोण ऐकेल? प्रत्येक चोर हेच म्हणतो, मी तर दागिना सांभाळत होतो.

आणि खरी भीती वेगळीच आहे. मलाही नक्की माहीत नाही. कदाचित आधीच्या एखाद्या पकडीत माझ्याच हाताने त्याला लागलं असेल. आजवर माझ्या हातात कुणाला इजा झाली नाही, एवढीच माझी कमाई. पट्टा वगैरे लोकांना दाखवायला ठीक आहे. तो हातच गेला असेल तर मी रिंगमध्ये राहून करू काय?

चौथ्या मॅचच्या जागी सध्या जादूचे प्रयोग आहेत. जादूगार टोपीत कबूतर ठेवायला विसरतो. नवीन दोघांना एकमेकांवर सोडलं तर एकाचा घोटा गेला. आमच्यात डोंगर नावाचा धिप्पाड माणूस आहे, इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून बूट बांधायचा. त्याने आपली बॅग उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली. मालकाने सांगितलंय, डिसेंबरच्या मध्यापर्यंत कुणी तुमच्यासमोर उतरायला तयार झालं तर ठीक, नाहीतर पट्टा टेबलावर ठेवा. म्हणजे घरी.

वादळचं घर तुझ्याकडून बसने जवळच आहे हे मला माहीत आहे. तू जायचं नाहीस. गंभीरपणे सांगतोय, ताई.

धाकटा

३ डिसेंबर

धाकट्या,

आधी हे वाच, मग बाकीचं. पोरगा धडधाकट आहे. तुझ्या हाताने त्याला काहीही झालेलं नाही. डॉक्टरने वरपासून खालपर्यंत तपासलंय. पाठ, मान, डोकं, सगळं जागेवर. आता पाणी पी आणि पुढे वाच.

हो, गेले. "जायचं नाहीस" असं लिहिलंस, पण पत्ता लिहिला नाहीस, त्यामुळे मला किती वणवण झाली! शेवटी बसच्या कंडक्टरने सांगितलं. त्याच्या पोरांच्या खोलीत वादळचा फोटो आहे म्हणे. एक छोटी रोपवाटिका आहे, त्याची आई चालवते. फाटकातून आत गेले तर तो स्वतःच पाइप धरून कुंड्यांना पाणी घालत होता. मी म्हटलं, "हेडमास्तरची बहीण." तो तोंडात मारल्यासारखा उभा राहिला आणि पाइपचं सगळं पाणी माझ्या चपलांवर.

पहिला प्रश्न काय विचारला असेल? "मास्तर फार चिडलेत का हो?"

मी म्हटलं, "चिडलाय? अरे, तो स्वतःला खाटीक समजून बसलाय!"

मग आई बाहेर आली, खुर्च्या आल्या, आणि सगळं बाहेर पडलं. त्या दिवशी सकाळी नव्या पोस्टरसाठी त्याचे फोटो काढले होते. फोटोत अंगावरची एकेक शीर दिसावी म्हणून शहाण्याने आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, आणि जेवण तर नावालाच. कुणीतरी सांगितलं म्हणे, मोठे मोठे असंच करतात. मग तसाच मॅचला उतरला. डॉक्टर त्याच्या आईला म्हणाले, "मुलाला अक्कल सोडून सगळं आहे." मला ते डॉक्टर फार आवडले.

मी त्याला सरळच विचारलं, आधीच्या कुठल्या पकडीत लागलं होतं का? तो हसायला लागला. म्हणाला, "मास्तर पकडतात तेव्हा बघणाऱ्याला वाटतं मान मोडली. आत मात्र उशीवर ठेवल्यासारखं असतं. मला शेवटचं आठवतंय ते त्यांचा हात मानेखाली आला, एवढंच. आणि तेव्हा वाटलं, चला, आता काळजी नाही." हे मी माझ्या मनचं घालत नाही. याच शब्दांत म्हणाला. मला डोळे पुसायला पदर सापडेना.

मग फोन का उचलत नव्हतास, असं खडसावलं. तर त्याला वाटत होतं, तू आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं असणार की चॅम्पियन भोवळ येऊन पडला, आणि सगळे त्याला हसत असणार. आणि तू तिकडे त्याच्यासाठी तोंडाला कुलूप लावून चोर ठरलास. मी त्याला आरशावरच्या कात्रणाचं सांगितलं, डोंगरच्या बॅगेचं सांगितलं. तो मटकन खालीच बसला, चिखलात. त्याला यातलं काही माहीतच नव्हतं. म्हणाला, "मी उद्याच जातो."

मी म्हटलं, "उद्या कशाला? बस आत्ता आहे."

त्याच्या आईने बॅग भरून दिली आणि पाण्याची बाटली हातात. मी स्वतः बसमध्ये बसवून आले. हे पत्र तुला मिळेपर्यंत तो तुझ्यापर्यंत पोहोचलेला असेल, पण मला लिहिल्याशिवाय राहवलं नाही. इतके दिवस मशीनवर बसलं की टाका सरळ येत नव्हता. आज जीव भांड्यात पडला.

आणि हो, इतकं सगळं मनात ठेवून एकटा कुढत बसलास, त्याचा हिशेब वेगळा. भेटशील तेव्हा बघते.

ताई

९ डिसेंबर

ताई,

साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खरोखर घातला असता.

तुझं पत्र आलं तेव्हा तो इथे आधीच पोहोचला होता, तरी मी ते रिंगच्या कडेला बसून परत परत वाचलं. उशीवर ठेवल्यासारखं! गाढव लेकाचा. मला कधी बोलला नाही.

झालं असं. आम्ही सगळे कपडे बदलायच्या खोलीत होतो. मी माझ्या कोपऱ्यात, बाकीचे त्यांच्या. वादळ आला, बूट चिखलाचे, बॅग खांद्यावरच. सरळ बाकावर चढून उभा राहिला. म्हणाला, "सगळे ऐका. मला मॅचमध्ये भोवळ आली होती. मी पाणी प्यायलो नव्हतो. मास्तरने पट्टा घेतला नाही, मला खाली घेतलं. आणि हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, कारण त्यात माझी शोभा झाली असती." एवढं बोलला आणि पुढे काय करायचं ते न सुचून तसाच बाकावर उभा राहिला. त्याला भाषणाची सवय नाही, रिंगमध्येही त्याची वाक्यं मीच लिहून देतो.

पंच टोपी काढून डोकं खाजवत होता. मग म्हणाला, "तरीच. तरीच मास्तरचा आवाज असा का आला ते मला कळेना." आता कळलं तुला! मी मनात म्हटलं.

मग डोंगर उठला. हा माणूस माझ्या दीडपट आहे, आणि महिनाभर माझ्याशी शब्द बोललेला नव्हता. मला वाटलं माफी वगैरे मागतो की काय, आणि मी आधीच कावराबावरा झालो, कारण त्याला ते जमलं नसतं आणि मला ऐकवलं नसतं. तो माझ्यासमोर आला आणि नुसतं म्हणाला, "उचल."

मी म्हटलं, "अरे, कंबर..."

"उचल म्हणतो ना."

मग मी उचलला. ताई, तुला हे कसं सांगू! त्याने खांद्यावर येताच अंग पार सोडून दिलं. हात सैल, पाय सैल, मान माझ्या तळहातावर. एवढा मोठा माणूस, डोळे मिटून. मी त्याला खोलीच्या मध्ये धरून उभा राहिलो आणि मला रडू आलं. सरळ सांगतो, हुंदका देऊन आलं. सगळ्यांनी पाहिलं आणि कुणीही चेष्टा केली नाही. मग कंबरेत कळ आली आणि मी ओरडलो, "उतर बाबा, मरेन!" तेव्हा कुठे सगळे हसले. त्याची बॅग आता पुन्हा माझ्या शेजारी आहे आणि तिला पहिल्यासारखाच वास येतो.

मालकाने नंतर मला आत बोलावलं. वादळवर आधी भरपूर ओरडून झाला होता, तो आवाज बाहेर ऐकू आला. पण काढला नाही. फोटो काढणाऱ्यालाच यापुढे रिंगच्या आसपास फिरकू देणार नाही म्हणाला. मग मला म्हणाला, "मास्तर, लोक तुमच्या नावाने खडे फोडतायत, तिकिटं जोरात आहेत. हवं तर पट्टा थोडे महिने ठेवा. मोठ्या मॅचमध्ये राहा." मी एका क्षणाचाही विचार केला नाही. म्हटलं, "मला माझी चौथी मॅच द्या. त्या जादूगाराला घरी पाठवा, त्याच्या कबुतरांचेही हाल होतायत." मालकाने तर यापुढचं ठरवूनच टाकलं. नवीन येईल तो प्रत्येक जण पहिल्यांदा माझ्यासमोर उतरेल, मग बाकीच्यांसमोर.

तुला वाईट वाटेल हे मला ठाऊक आहे. तुला मी जिंकलेलो हवा होतो. पण पट्टा परत द्यायला पुढच्या रविवारी शेवटच्या मॅचमध्ये मी वादळकडून ठरल्याप्रमाणे हरणार आहे आणि त्या विचाराने मला काल इतकी शांत झोप लागली की खोलीच्या मालकाने दार वाजवून बघितलं. पास पाठवतोय, तुला आणि भावोजींना. इतक्या वर्षांत तू एकदाही आली नाहीस. मला आपटलेलं बघवणार नाही म्हणतेस. या वेळी ये.

धाकटा

१८ डिसेंबर

धाकट्या,

बसमध्ये बसून लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस. मॅचनंतर दाराशी एवढी गर्दी होती की तुझ्याशी धड चार शब्दही बोलता आले नाहीत.

तुझे भावोजी शेजारी पेंगतायत. पण हॉलमध्ये हा माणूस काय ओरडत होता! "हेडमास्तर, खाली बस!" असं दोन्ही हात तोंडाशी धरून. मला लाज वाटली, आणि मग मीही ओरडले. तू त्या पहिल्या रांगेतल्या गृहस्थाला पाय खाली घ्यायला लावलेस ना, तेव्हा मी माझेही पाय मागे घेतले. माझ्या मागची एक बाई तुला इतक्या शिव्या देत होती की मला वाटलं वळून सांगावं, बाई, कोट मी शिवलाय. मग लक्षात आलं की तिला किती मजा येतेय. ती येताना काय काय डोक्यावर घेऊन आली असेल कोण जाणे, पण जाताना चेहरा हलका होता.

आता खरी गोष्ट. माझ्या उजव्या हाताला वादळची आई बसली होती. आम्ही दोघी आता मैत्रिणी आहोत, तिने मला एक रोपही दिलंय. पहिल्या मॅच चालू असताना ती मुलं आपटायला लागली की ती मान खाली घालून पर्सची चेन उघडायची, लावायची. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, तिला बघवत नाही. मुलाची मॅच असली की ती बाहेर जाऊन बसते. घंटा वाजली की दारातल्या माणसाला विचारते, माझा मुलगा उभा आहे ना? मगच आत येते. तो चॅम्पियन झाला तेव्हाही ती बाहेर बाकावर होती. मी म्हटलं, माझंही तसंच, म्हणून तर आजवर आले नाही.

मग शेवटच्या मॅचची घोषणा झाली. मी तिला म्हटलं, "चला, आपण दोघी बाहेर बसू." बाहेर जायचं मलाच होतं, तिचं नुसतं निमित्त.

ती उठली नाही. म्हणाली, "ताई, समोर तुमचे भाऊ आहेत ना? मग मी बघते."

आणि तिने बघितलं, धाकट्या. पर्स मांडीवर, हात पर्सवर, पापणी न लवता. तू तिच्या पोराला खांद्यावर घेतलंस, अख्खा हॉल किंचाळला, आणि ती शांत बसली होती. पोटच्या पोराला तसं उचललेलं बघून आई शांत बसते! तिच्याकडे बघून मग मीही बघितलं. त्याने तुला पाडलं, तू हरलास, लोक खुर्च्यांवर उभे राहिले, आणि ती मला टाळ्या वाजवत म्हणाली, "किती छान खेळला ना माझा मुलगा!" मी म्हटलं, "हो, फारच छान."

तू का हरतोस हे मी यापुढे कधीही विचारणार नाही.

ताई